प्रवेश मिळाला, पण टिकायचं कसं? ऑडिओलॉजीच्या डॉक्टरेटचं एक प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या ऑडिओलॉजीच्या, म्हणजे श्रवणशास्त्राच्या, डॉक्टरेटसाठी आलेल्या दोन प्रवेशपत्रांमधून एक निवडण्याचं आहे. विद्यार्थिनी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात कपाशी आणि तूर. तिने बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा उपचारांची पदवी) केलं, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी घेतली आणि लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कंत्राटी ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. इंटर्नशिपचा काही काळ ती माझ्या हाताखाली होती, म्हणून कागद घेऊन माझ्याकडे आली. तिची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. लिहायला घरच्यांची हरकत नव्हतीच, उलट दुसऱ्या कोणाच्या पोरीच्या कामी यावं असं तिच्या वडिलांचंच म्हणणं होतं.

तिला पुढे का शिकायचं होतं ते आधी सांगायला हवं, कारण निवड शेवटी त्यावरच ठरली. बाळाच्या कानांची चाळणी (प्राथमिक तपासणी) पहिल्या महिन्यात, पक्कं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि श्रवणयंत्र किंवा थेरपीची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत, हे गणित आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं. तिच्या केंद्रात मात्र कोलाम आदिवासींच्या पोडावरची (वस्तीवरची), आडगावची मुलं दोन-अडीच वर्षांची होऊन यायची. ‘बाप बी उशिराच बोलला होता’ असं म्हणत घरच्यांनी वाट पाहिलेली असायची. ओएई ही श्रवणचाचणी ती स्वतः करायची, बेरा ही दुसरी करून घ्यायची, श्रवणयंत्र बसवायची. पण कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं श्रवण उपकरण) झालेलं मूल परत आलं की त्याचं मॅपिंग, म्हणजे ते उपकरण मुलाच्या ऐकण्याप्रमाणे जुळवणं, तिच्या हाताबाहेरचं होतं आणि चक्कर-तोलाच्या चाचण्यांचं तर तिला प्रशिक्षणच नव्हतं. तिला क्लिनिकमधलं हे काम शिकायचं होतं. संशोधन तिच्या यादीत दुसरं होतं.

दोन वाटा

पहिली वाट इथलीच. दोन वर्षांचं एम.एस्सी. ऑडिओलॉजी आणि मग पीएचडी. म्हैसूरचं अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थान १९६५ पासून उभं आहे, मुंबईला अलीयावर जंग संस्था आहे. पीएचडीसाठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम लागू होतात. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के लागतात, राखीव गटांना त्यात ५ टक्क्यांची सूट आहे. चार वर्षांच्या पदवीवरूनही थेट प्रवेश घेता येतो, पण त्याला ७५ टक्के लागतात आणि तिचे तेवढे नव्हते. आत गेल्यावर १२ ते १६ क्रेडिटचं कोर्सवर्क असतं आणि त्यात पुन्हा किमान ५५ टक्के मिळवावे लागतात. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. समाधानकारक नसेल तर समिती कारणं नोंदवते, सुधारणा सुचवते. तरीही काम हललं नाही, तर नोंदणी रद्द करायची शिफारस करू शकते. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यापुढे दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, आणि महिलांना आणखी दोन.

ही वाट मला मनापासून आवडते आणि मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. खर्च पेलणारा आहे, मूल इथलं, आजार इथला, भाषा इथली. पण पीएचडी ही संशोधनाची पदवी आहे. तिला हवं होतं ते दिवसभर रुग्ण पाहत, वरिष्ठांच्या नजरेखाली हात तयार करणं. दुसरी वाट, अमेरिकेतली एयूडी (डॉक्टर ऑफ ऑडिओलॉजी), नेमकी तशी आहे. ती पदवीनंतरची साधारण चार वर्षांची क्लिनिकल डॉक्टरेट आहे. तिथे ऑडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसायात शिरण्याची पायरी आता हीच. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने, म्हणजे आशाने, २०१२ पासून ऑडिओलॉजीच्या प्रमाणपत्रासाठी डॉक्टरेट सक्तीची केली. प्रबंधावर वर्षानुवर्षं बसण्याऐवजी तिथे वर्ग, क्लिनिक, एक लहान संशोधन प्रकल्प आणि शेवटचं जवळपास संपूर्ण वर्ष बाहेरच्या रुग्णालयात पूर्णवेळ काम अशी रचना असते.

प्रवेशाची बाजू

याबद्दल फार लिहीत नाही, कारण ती नीट पार पडली होती. विद्यापीठ निवडताना आशाच्या मान्यता मंडळाची मान्यता आहे ना, एवढी एक चाळणी तिने आधी लावली. मान्यता नसलेल्या कार्यक्रमाची पदवी घेऊन पुढे परवान्यासाठी धावाधाव करण्यात अर्थ नाही. बीएएसएलपी इंटर्नशिप धरून चार वर्षांची असल्याने पदवीच्या कालावधीचा प्रश्न आला नाही. संख्याशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र आणि मानसशास्त्रासारखा एक सामाजिक विषय, असे पूर्वतयारीचे विषय बहुतेक कार्यक्रम मागतात. तिच्या गुणपत्रिकेवर त्यातले जवळपास सगळे होते. गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घेतलं, इंग्रजीची परीक्षा दिली, तीन शिफारसपत्रं जोडली. त्यातलं एक माझं.

तिचे ६४ टक्के पाहून घरचे धास्तावले होते. पण आपले ६४ म्हणजे त्यांचे ६४ असं धरत नाहीत. मूल्यांकन करणाऱ्या संस्था आपल्या गुणपद्धतीप्रमाणे विषयवार ग्रेड लावतात. चारपैकी ३ ची अट ती आरामात ओलांडून गेली.

आरोग्याच्या कागदात एक अडचण येते, ती आपल्याकडच्या प्रत्येक मुलीने लक्षात ठेवावी. क्लिनिकला बसण्याआधी क्षयरोगाची चाचणी मागतात. आपल्याला जन्मतः बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह दाखवू शकते. रक्ताची आयग्रा चाचणी बीसीजीने फसत नाही. तीच द्यावी आणि तसं विचारून घ्यावं.

मार्चमध्ये दोन होकार हातात आले. पहिलं विद्यापीठ मोठ्या शहरातलं, जागतिक क्रमवारीत वरचं. दुसरं एका लहान गावातलं राज्य विद्यापीठ, क्रमवारीत खूप खाली. दोन्हीकडे सहायकवृत्ती देऊ केली होती, म्हणजे विभागात ठरलेले तास काम करायचं आणि त्या बदल्यात फीचा मोठा भाग माफ. उत्तर एप्रिलच्या मध्यापर्यंत द्यायचं होतं.

वडिलांचा प्रश्न

शेवटची वेचणी आटोपून कपाशीची उलंगवाडी झाली होती, वडील घरी होते. मी गेले तेव्हा मामाही यवतमाळहून आलेले. मामा आणि पोरगी मोठ्या विद्यापीठाच्या बाजूने. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्याडम, प्रवेश भेटला हे त समजलं. पन पोरगी मधात अडली त ते लोक काय करतीन, हे कोनत्या कागदावर लिवलं हाय? आमचं पीक कर्ज एका सालाचं असते. साल गेलं त दुसऱ्या साली पाहून घेता येते. हे त चार सालाचं हाय.”

त्या खोलीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच होता. आपली मुलं प्रवेशाच्या अटी तोंडपाठ करतात. त्या अटी अर्ज करणाऱ्या प्रत्येकासाठी असतात आणि एकदाच लागू होतात. आत गेल्यानंतर दर सत्राला लागू होणाऱ्या अटी विद्यार्थी-पुस्तिकेत असतात. ती पुस्तिका संकेतस्थळावर उघडी ठेवलेली असते आणि होकार देण्याआधी ती क्वचितच कोणी वाचतं. आम्ही दोन्ही पुस्तिका उतरवून घेतल्या आणि प्रगती, प्रोबेशन (ग्रेड घसरल्यावर सावरण्यासाठी दिलेली मुदत), काढून टाकणे, क्लिनिक, रजा एवढीच प्रकरणं ओळीने वाचली. मी वाचत गेले, पोरगी वडिलांना समजावत गेली.

दोन्हीकडे मूळ अट सारखी, एकूण ग्रेड सरासरी ३ च्या खाली जायची नाही. फरक होता ती खाली गेल्यावर काय होतं यात. पहिल्या विद्यापीठात संपूर्ण अभ्यासक्रमात दुसरा सी (ए, बी यांच्या खालची ग्रेड) आला की कार्यक्रम संपला. प्रोबेशन लागलं की सहायकवृत्ती त्याच सत्रापासून बंद. क्लिनिकच्या सत्रात बी पेक्षा कमी मिळालं तर पुढचं क्लिनिक मिळत नाही, आणि ते सत्र वर्षातून एकदाच चालतं. दुसऱ्या विद्यापीठात पहिल्या सीनंतर त्या विषयाच्या शिक्षकासोबत लेखी सुधारणा-योजना ठरवायची, तिसऱ्या सीवर बाहेर. क्लिनिकचं सत्र एकदा पुन्हा करता येतं. प्रोबेशनच्या एका सत्रात सहायकवृत्ती चालू राहते, त्यानंतर फेरविचार.

कागदावर हे दोन-तीन ओळींचं अंतर आहे. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलीसाठी मात्र ते फार मोठं. तिला दर सत्राला पूर्णवेळ अभ्यासक्रम घ्यावाच लागतो. क्लिनिक हुकून वर्ष लांबलं आणि घ्यायला पुरेसे विषयच उरले नाहीत, तर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाच्या परवानगीशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. कार्यक्रमातून काढलं, तर तिथे राहण्याचा आधारच जातो. स्थानिक विद्यार्थिनी एक वर्ष घरी बसून परत येऊ शकते. हिला ती मोकळीक नाही.

माय स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. तिने विचारलं, “अन् तिले ताप-बिप आला, पेपर बुडाला त?” त्याचंही उत्तर पुस्तिकेत सापडलं. आजारपणात विषय अपूर्ण म्हणून नोंदवता येतो आणि ठरलेल्या मुदतीत पुरा करता येतो. डॉक्टरांच्या पत्रावर कमी विषय घेण्याची परवानगीही व्हिसाच्या नियमांत आहे, एका पदवीच्या काळात एकूण १२ महिन्यांपर्यंत. दोन्ही विद्यापीठांत हे सारखंच होतं. मायचा जीव खाली पडला.

चौथ्या वर्षाची गाठ

चौथ्या वर्षाचा मुद्दा मात्र आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हता. शेवटच्या वर्षी विद्यार्थी विद्यापीठाबाहेरच्या रुग्णालयात पूर्णवेळ काम करतो. परदेशी विद्यार्थ्याला त्यासाठी सीपीटी नावाची परवानगी लागते. पदवीनंतर एक वर्ष तिथे नोकरी करायची तर दुसरी परवानगी, ओपीटी. नियम असा की पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली, तर त्याच पातळीवरची ओपीटी मिळत नाही. म्हणजे शेवटचं वर्ष कागदावर अकरा महिन्यांचं की बारा, यावर पदवीनंतरची कमाई ठरणार. आणि ओपीटीच्या त्या वर्षाच्या पगारावर कर्जफेडीचं सगळं गणित उभं होतं.

तिने दोन्ही कार्यक्रमांच्या संचालकांना आणि परदेशी विद्यार्थी कार्यालयांना पत्र लिहिलं. तीन प्रश्न होते. शेवटच्या वर्षाची सीपीटी किती महिन्यांची नोंदवता? रुग्णालय तुम्ही शोधून देता की विद्यार्थ्याने शोधायचं? प्रोबेशनवरच्या परदेशी विद्यार्थिनीच्या सहायकवृत्तीचं काय होतं? पहिल्याकडून पुस्तिकेचा दुवा आला. दुसऱ्याकडून संचालकांचं सविस्तर उत्तर आलं. उन्हाळा, शरद आणि वसंत अशी तीन सत्रं, बारा महिन्यांच्या आत. रुग्णालयांची यादी विभागाकडे आहे, मुलाखत विद्यार्थ्याने द्यायची. सहायकवृत्तीबद्दल पुस्तिकेत आहे तेच.

माझ्या मते त्या उत्तरातून कार्यक्रमाचा स्वभाव कळला. अडचणीत आलेल्या विद्यार्थ्याशी ते कसे वागतील, याचा तेवढा अंदाज क्रमवारीतून येत नाही.

पैसा

क्रमवारीचा मुद्दा तरीही सुटत नव्हता, कारण परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्तीला जागतिक क्रमवारीची अट असते. पहिलं विद्यापीठ त्या अटीत बसत होतं, दुसरं बसत नव्हतं. मामाचा सगळा जोर यावर होता आणि तो चुकीचा नव्हता. पण शिष्यवृत्तीची निवड होकाराच्या मुदतीनंतर लागणार होती, आणि ती मिळालीच तरी दुसऱ्या सीची अट आपल्या जागी राहणार होती. अनिश्चित पैशावर कडक अट स्वीकारायची की निश्चित सहायकवृत्तीवर सैल अट, असा तो सवाल झाला.

उरलेल्या खर्चासाठी बँक. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, त्यापुढे तारण. वडील सात-बारा घेऊन तालुक्याच्या शाखेत गेले आणि हात हलवत परत आले. शेतजमीन सरफेसी कायद्याच्या (बँकांना थकीत कर्जासाठी तारण जप्त करू देणाऱ्या) वसुलीतून वगळलेली आहे, म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका ती तारण म्हणून सहसा घेत नाहीत. पाच एकर वावर नावावर असलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. शेवटी मामाने यवतमाळचं घर तारण दिलं. मोठ्या विद्यापीठासाठी भांडणाऱ्या माणसानेच लहान विद्यापीठाच्या कर्जावर सही केली, हे इथे नोंदवणं मला गरजेचं वाटतं.

होकार दुसऱ्या विद्यापीठाला गेला.

निघण्याआधीची तयारी

जूनपासून ऑगस्टपर्यंत तिने दोन कामं केली. एक, आरसीआयची नोंदणी जिवंत ठेवण्याची व्यवस्था. ती वेळच्या वेळी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. परत येऊन भारतात काम करायचं तर ही नोंदणी हवीच. १९९२ च्या कायद्याप्रमाणे तिच्याशिवाय व्यवसाय करणं हा गुन्हा आहे.

दुसरं काम कानांचं. वाक् श्रवणमापनात रुग्णाला एकेक शब्द ऐकवतात, तो उच्चारून दाखवतो आणि तपासणारा बरोबर-चूक नोंदवतो. इंग्रजीत त्यासाठी एनयू-६ सारख्या एकाक्षरी शब्दांच्या याद्या वापरतात. ‘बॅट’ आणि ‘बॅक’ यातला शेवटचा व्यंजन रुग्णाने नीट म्हटला की नाही, हे तपासणाऱ्याच्या कानाला क्षणात कळावं लागतं. क्लिनिकच्या ग्रेडमध्ये हे येतं, आणि पुस्तिकेतल्या आवश्यक क्षमतांच्या यादीत संवादकौशल्य वेगळं लिहिलेलं होतं. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला इंग्रजी बोलता येणं आणि म्हाताऱ्या अमेरिकन माणसाचं अर्धवट उच्चारलेलं व्यंजन पकडता येणं, यात अंतर आहे. ती रोज त्या उच्चारांची ध्वनिमुद्रणं ऐकायची, वहीत उतरवायची आणि मग पडताळून पाहायची. रात्रीची वीज असली की मोटर सुरू करायला वावरात जाणाऱ्या वडिलांबरोबर ती हेडफोन घालून धुऱ्यावर बसायची, असं माय सांगते.

पहिलं वर्ष

पहिल्या सत्रात चार विषय होते, प्रत्येकी तीन क्रेडिट. तीन विषयांत बी आणि ध्वनिशास्त्र व उपकरणं या विषयात सी.

कारण विषयाचं अज्ञान नव्हतं. आपल्याकडे वर्षभराचं वजन शेवटच्या परीक्षेवर असतं आणि तिची सवय तशीच घडलेली. तिथे दर आठवड्याची छोटी चाचणी, प्रयोगाचा अहवाल, वर्गातला सहभाग या सगळ्याचे गुण पहिल्या दिवसापासून साठत जातात. पहिल्या महिन्यात ती वर्गात गप्प राहिली आणि प्रयोगाचे दोन अहवाल उशिरा दिले. शेवटच्या परीक्षेत तिला उत्तम गुण होते, पण तोवर बरंच हातातून गेलेलं होतं.

सरासरीचा हिशेब असा. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. नऊ क्रेडिटचे २७ आणि तीन क्रेडिटचे ६, मिळून ३३. भागिले १२, म्हणजे २.७५. प्रोबेशन. पुढच्या सत्रातही १२ क्रेडिट असतील, तर २४ क्रेडिटवर ३ ची सरासरी यायला एकूण ७२ लागतात. म्हणजे नव्या सत्रात ३९, किमान एक ए आणि तीन बी. एका सीची भरपाई तेवढ्याच क्रेडिटच्या एका एने होते. तिने हा हिशेब वडिलांना फोनवर सांगितला. ते एवढंच म्हणाले, “म्हंजे एकच पाह्यजे. पाहून घे मंग.”

सुधारणा-योजना सहा आठवड्यांची ठरली. दोन्ही अहवाल नव्याने लिहायचे आणि शिक्षकांसमोर ऑडिओमीटरचं (श्रवण मोजण्याच्या यंत्राचं) कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, करून दाखवायचं. हेडफोन ६ सीसी कपलरवर (कानाच्या पोकळीची जागा घेणाऱ्या साच्यावर) बसवून, ध्वनिपातळी मापकाचं वाचन घेऊन, फरक कुठे आणि किती ते तोंडी समजावायचं. हे काम ती आपल्या केंद्रातल्या जुन्या यंत्राच्या तक्रारींमुळे आधीपासून जाणत होती. सहायकवृत्ती चालू राहिली. पहिल्या विद्यापीठात ती याच टप्प्यावर थांबली असती आणि जानेवारीतच पूर्ण फी भरायची वेळ आली असती. मामाच्या घरावरचं कर्ज त्याला पुरलं नसतं.

दुसऱ्या सत्रात दोन ए आणि दोन बी आले. ४२ ची भर पडली, २४ क्रेडिटवर ७५, सरासरी ३.१२. प्रोबेशन उठल्याचं पत्र तिने आम्हा सगळ्यांना पाठवलं.

आजची स्थिती

ती आता दुसऱ्या वर्षात आहे. क्लिनिकमध्ये इम्प्लांटचं मॅपिंग वरिष्ठांसोबत बसून शिकते आहे. वाक् श्रवणमापनातल्या नोंदी पर्यवेक्षकांच्या नोंदींशी जुळतात, असा शेरा मिळाला आहे. तिसऱ्या वर्षी सर्वसमावेशक परीक्षा आहे, आणि ती देण्याआधी संशोधन प्रकल्पाच्या आराखड्यावर समितीच्या सह्या हव्यात.

विषय तिने इथलाच घेतला आहे. चाळणीत शंका आलेली बाळं पुढच्या तपासणीला का पोहोचत नाहीत, हे तिला केंद्राच्या जुन्या नोंदींवरून पाहायचं आहे. त्यासाठी तिच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागेल, इथल्या समितीची वेगळी, आणि नोंदी वापरायला केंद्राचं लेखी परवानगीपत्र. विद्यापीठाचा अर्ज तिने भरला आहे. इथल्या समितीचा अर्ज आणि केंद्राचं पत्र ही दोन कामं सध्या माझ्याकडे आहेत.